प्रकाशाची लिपी

लातूरहून आगगाडीने पुण्याकडे निघाले म्हणजे बार्शी मागे पडते, कुर्डुवाडी येते आणि पुढे काही वेळाने जेऊर नावाचे एक लहानसे स्थानक लागते. हे गाव सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यात आहे. प्रवाशांपैकी फार थोडे लोक येथे मान वर करून बाहेर पाहत असतील. परंतु १८९८ सालच्या जानेवारी महिन्यात या गावाच्या परिसरात दुर्बिणी, आरसे, भिंगे आणि छायाचित्रणाच्या काचा भरलेल्या पेट्या येऊन पडल्या होत्या. अमेरिकेतील प्रसिद्ध लिक वेधशाळेचे पथक कॅम्बेल नावाच्या ज्योतिषशास्त्रज्ञाबरोबर येथे आले होते. दुसरे एक पथक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे होते आणि त्याचे प्रमुख होते प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. २२ जानेवारीस खग्रास सूर्यग्रहण व्हावयाचे होते व चंद्राची दाट सावली जेऊरवरून जाणार होती.

मुलांनो, महाराष्ट्राचा नकाशा पुढे घ्या. जेऊर व वर्धा जिल्ह्यातील पुलगाव या दोन गावांवर खुणा करा. पुलगावासही त्या दिवशी इंग्लंडचे ज्योतिषी यंत्रे मांडून बसले होते. आता या दोन खुणा पट्टीने जोडा. तुमची रेघ बीड, परभणी व हिंगोली या जिल्ह्यांवरून जाईल. त्या भर दुपारी चंद्राची सावली साधारणपणे या रेघेच्या आजूबाजूने धावत गेली. हा सारा मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. नांदेड व लातूर ही गावे या रेघेच्या आग्नेयेस पडतात. तेथे सूर्य पूर्ण झाकला गेला नाही, तरी त्याचा फार मोठा भाग झाकला गेला. आपल्या पणज्यांच्या वडीलधाऱ्यांनी त्या दुपारी अंधारून आलेले पाहिले असेल, स्नान-दान केले असेल. जेऊरला त्याच वेळी काय चालले होते आणि कशासाठी, हे समजून घ्यावयाचे तर आधी प्रकाशाविषयी थोडे जाणून घेतले पाहिजे.

चुलीतील ज्वाळेत मिठाचे चार कण पडले म्हणजे ज्वाळा क्षणभर पिवळीधमक होते, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. हा पिवळा रंग मिठातील सोडियम या धातूचा. त्रिकोणी काचेच्या लोलकातून सूर्यप्रकाश नेला तर त्याचे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंग उलगडतात, हेही तुम्हांस ठाऊक आहे. आता हाच लोलक एका अरुंद फटीपुढे ठेवला आणि फटीतून मिठाच्या ज्वाळेचा प्रकाश आत घेतला, तर रंगांचा सलग पट्टा दिसत नाही. अंधारात एका जागी पिवळी रेघ तेवढी उमटते. बारकाईने पाहिले तर ती एक नसून अगदी जवळजवळच्या दोन रेघा असतात. लोखंडाच्या, चुन्यातील धातूच्या, हायड्रोजन वायूच्या रेघा वेगळ्या आणि त्यांच्या जागाही ठरलेल्या. एकाची रेघ दुसऱ्याच्या जागी कधी येत नाही. जर्मनीतील किर्खोफ व बुन्सेन या दोघांनी १८५९ च्या सुमारास हे निश्चितपणे दाखवून दिले. तेव्हापासून प्रकाश ही एक लिपी ठरली. सूर्य कोट्यवधी मैल दूर असला आणि त्याचा कण हाती येणे अशक्य असले, तरी त्याच्या प्रकाशातील रेघा वाचून तेथे कोणते पदार्थ आहेत हे सांगता येऊ लागले. ही लिपी वाचण्याच्या यंत्रास वर्णपटदर्शक म्हणतात.

कावसजी नायगमवाला यांचा जन्म १८५७ साली, एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान व रसायन हे विषय घेऊन १८७८ साली ते एम. ए. झाले व त्यांना कुलपतींचे सुवर्णपदक मिळाले. पुढे १८८२ मध्ये ते त्याच कॉलेजात प्रायोगिक पदार्थविज्ञान शिकवू लागले. ज्या काळी आपल्याकडील महाविद्यालयांत विज्ञान बहुधा पुस्तकांतून आणि फळ्यावरून शिकवीत, त्या काळची ही गोष्ट आहे. प्रयोगशाळा होत्या, पण त्या विद्यार्थ्यांना जुने सिद्धान्त दाखवून देण्यापुरत्या. आपल्या देशातील मनुष्याने निसर्गास नवा प्रश्न विचारावा आणि स्वतःच्या यंत्राने त्याचे उत्तर मिळवावे, ही कल्पना अद्याप रुजावयाची होती.

त्याच वर्षी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी एल्फिन्स्टन कॉलेजास भेट दिली. वर्णपटाच्या अभ्यासासाठी एक प्रयोगशाळा उभारावी म्हणून त्यांनी ५,००० रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तेवढीच रक्कम घातली. यंत्रे विकत घेण्यास नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तेथे राजज्योतिषी क्रिस्टी आणि नॉर्मन लॉकियर यांच्याशी त्यांचा विचारविनिमय झाला. लॉकियर म्हणजे या विद्येतील त्या वेळचे मोठे नाव. सूर्याच्या प्रकाशातील एक पिवळी रेघ पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात पदार्थाची नाही, हे ओळखून त्या अज्ञात पदार्थास हेलियम हे नाव त्यांनीच दिले. तो वायू पृथ्वीवर रॅम्झे यांना १८९५ साली सापडला. नुसती प्रयोगशाळा काय करता, ताऱ्यांचा प्रकाश तपासणारी वेधशाळाच काढा, असा सल्ला या जाणत्या मंडळींकडून मिळाला आणि नायगमवालांना तो पटला.

ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले आणि १८८८ साली त्या कॉलेजच्या आवारात ‘महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा’ उभी राहिली. आज तेच महाविद्यालय अभियांत्रिकीचे विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. डब्लिन शहरातील ग्रब यांच्या कारखान्यात घडलेली एक मोठी परावर्तक दुर्बीण हे या वेधशाळेचे प्रमुख वैभव होते. पुढे २० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण म्हणून ती ओळखली गेली. त्या काळी भारतात एवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती.

आता एका हिरव्या रेघेची हकिकत सांगावयाची आहे. हिवाळ्याच्या रात्री मृग नक्षत्र तुम्ही पाहिले असेल. त्याच्या पोटात शिरलेल्या बाणाचे तीन तारे एका ओळीत असतात. त्यांच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर, निरभ्र आकाशात, एक अंधुक धुकट ठिपका दिसतो. तो तारा नव्हे, तेजोमेघ होय. अशा मेघांचा प्रकाश प्रथम १८६४ साली हगिन्स या इंग्रज ज्योतिषाने लोलकातून पाहिला. ताऱ्यांप्रमाणे रंगांचा पट्टा दिसेल, अशी त्याची अपेक्षा होती. पण पाहतो तो काळ्या पार्श्वभूमीवर काही सुट्या तेजस्वी रेघा! म्हणजे हा वायू होता. रेघांपैकी एक हायड्रोजनची निघाली. परंतु सर्वांत ठळक अशी जी हिरवी रेघ, ती कोणाचीच जुळेना.

लॉकियर यांनी यावर आपले मत मांडले. आकाशातील तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे आहेत आणि ती हिरवी रेघ म्हणजे उल्कांतील मॅग्नेशियमच्या प्रकाशाचा उरलेला अंश आहे, असे ते म्हणत. मॅग्नेशियम जळताना जो हिरवा पट्टा उमटतो त्याची एक कड रेखीव असते आणि दुसरी हळूहळू विरत जाते. पाण्यावर पडलेल्या शाईसारखी म्हणा ना. हगिन्स यांना हे मत मान्य नव्हते. दोघेही नामवंत, दोघेही आग्रही. वाद वाढला आणि कित्येक वर्षे चालला. त्याचा निकाल अखेर एका साध्या प्रश्नावर येऊन ठेपला: ती रेघ दोन्ही बाजूंनी सारखीच रेखीव आहे, की तिची एक बाजू विरत जाते?

प्रश्न साधा, पण उत्तर सोपे नव्हे. तेजोमेघाचा प्रकाश अतिशय मंद. फट रुंद करावी तर प्रकाश वाढतो, पण रेघ पसरते. फट अरुंद करावी तर रेघ रेखीव होते, पण दिसेनाशी होऊ लागते. डोळा ताणून पाहणाऱ्या माणसास जे पाहावेसे वाटते तेच दिसण्याचा संभव अशा वेळी फार. पुण्याच्या दुर्बिणीतून नायगमवालांनी मृगातील तेजोमेघाची ही रेघ तपासली आणि आपला निष्कर्ष १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. कोणत्याही परिस्थितीत पाहिले तरी रेघ रेखीवच दिसते, असा तो निष्कर्ष होता. म्हणजे लॉकियर यांचे म्हणणे टिकत नव्हते.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. ज्यांच्या सल्ल्यावरून ही वेधशाळा उभी राहिली, ज्यांच्या शब्दाला त्या काळच्या साऱ्या विद्वत्सभांत वजन होते, त्यांच्या मताविरुद्ध पुण्याच्या एका प्राध्यापकाने साक्ष दिली. आणि तीही परक्या राज्यकर्त्यांच्या काळात, त्यांच्याच राजधानीत. या निष्कर्षात भाषेचा आवेश नाही, की कोणावर टीका नाही. मोठ्या माणसांचा मान राखणे आणि त्यांची प्रत्येक गोष्ट खरी मानणे, यांत पुष्कळांची गल्लत होते. नायगमवालांची ती झाली नाही.

त्याच सुमारास लिक वेधशाळेतील कीलर यांनी रेघेची जागा अत्यंत काटेकोरपणे मोजली, तेव्हा ती मॅग्नेशियमच्या जागेशी जुळत नसल्याचेही सिद्ध झाले. मग ती होती तरी कोणाची? पुष्कळ दिवस शास्त्रज्ञ ‘नेब्युलियम’ नावाचा एक कल्पित पदार्थ मानून चालले. खरे उत्तर १९२७ साली अमेरिकेतील बोवेन यांनी दिले. ती रेघ आपल्या नित्याच्या प्राणवायूची होती! ज्या अणूतून दोन इलेक्ट्रॉन निघून गेले आहेत असा प्राणवायू, अतिशय विरळ अवस्थेत असला तरच ती रेघ देतो. पृथ्वीवरील प्रयोगशाळेच्या नळीत वायूचे अणू एकमेकांवर इतक्या वेळा आदळतात की, तो प्रकाश बाहेर पडण्यास सवडच मिळत नाही. तेजोमेघात मात्र अणूला दुसरा अणू भेटावयास फार वेळ लागतो. हे उत्तर मिळाले तेव्हा नायगमवाला सत्तर वर्षांचे होते.

आता जेऊरला परत जाऊ. सूर्याच्या तेजस्वी बिंबाभोवती तापलेल्या वायूंचा एक पातळ थर आहे. एरवी बिंबाच्या झगमगाटात तो लोपून जातो. खग्रास ग्रहणात चंद्राने बिंब पूर्ण झाकले की एक-दोन सेकंद हा थर तेवढा उघडा राहतो आणि त्या क्षणी वर्णपटातील नेहमीच्या काळ्या रेघा एकदम उजळून उठतात. जणू कोणी पाटीवरची अक्षरे काळ्याची पांढरी करावीत! हा चमत्कार छायाचित्राच्या काचेवर पकडावयाचा, हे १८९८ च्या ग्रहणात सर्वच पथकांचे मोठे उद्दिष्ट होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात एकाने काचा बदलावयाच्या, दुसऱ्याने झाकण उघडावयाचे, तिसऱ्याने घड्याळावर दृष्टी ठेवून सेकंद पुकारावयाचे. ज्याचा हात चुकेल त्यास दुसरी संधी नाही. जेऊरच्या माळावर पुन्हा खग्रास ग्रहण पाहावयास मनुष्याचे आयुष्य पुरत नाही. त्या दिवशी आकाश स्वच्छ राहिले. नायगमवालांच्या पथकाने जेऊर येथे घेतलेल्या वेधांचा सविस्तर अहवाल १९०२ साली प्रसिद्ध झाला.

या तयारीचा काळही ध्यानात घ्यावा. १८९६-९७ चा दुष्काळ नुकताच सरला होता. पुण्यात प्लेगने हाहाकार उडविला होता आणि त्याच्या बंदोबस्तातील जुलमामुळे १८९७ च्या जूनमध्ये रँडचा वध झाला होता. अशा दिवसांत पुण्यातून सूर्याचे वेध घेण्यास पथक निघाले.

याच ग्रहणाच्या वेळी लॉकियर स्वतः कोकणातील विजयदुर्ग किल्ल्यावर आले होते. तेथील चौथरे ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून आजही दाखवितात. हेलियमचा शोध लॉकियर यांनी १८६८ साली याच किल्ल्यावरून लावला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. पण ते बरोबर नाही. १८६८ च्या ग्रहणात लॉकियर हिंदुस्थानात नव्हतेच. ते इंग्लंडात होते आणि आपले सूर्यवेध त्यांनी तेथेच घेतले. विजयदुर्गास ते आले ते त्यानंतर तीस वर्षांनी. गावाचा अभिमान चांगला, परंतु त्यासाठी सालांची अदलाबदल करण्याचे कारण नाही. १८९८ ची गोष्टही कमी अभिमानाची नाही.

नायगमवाला १९१२ साली सेवानिवृत्त झाले आणि त्यांच्या निवृत्तीबरोबर पुण्याची वेधशाळाही बंद करण्यात आली. चोवीस वर्षे चाललेली संस्था एका माणसाच्या बळावर चालली होती. तो माणूस उठला आणि दिवा मालवला. यंत्रे पेट्यांत भरून दक्षिणेकडे, कोडाईकॅनॉलच्या सरकारी वेधशाळेकडे पाठविण्यात आली. हा सरकारी निर्णय काटकसरीचा असेलही. पण पुण्यासारख्या विद्येच्या नगरात या कामाचा एकही वारस नेमला जाऊ नये, याचे वाईट वाटल्यावाचून राहत नाही. ज्या विद्यार्थ्याने त्या दुर्बिणीस डोळा लावला असता, त्याच्यासाठी दुर्बीणच उरली नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातील आहे. तेथील नवाब जफर जंग यांनी हौसेने, स्वतःच्या पैशाने इंग्लंडहून १५ इंची दुर्बीण आणविली व १९०१ साली निजामिया वेधशाळा काढली. नवाबसाहेब १९०७ मध्ये वारले. त्यांचीही वेधशाळा त्यांच्याबरोबर संपावयाची. परंतु संस्थानाने ती आपल्या हाती घेतली आणि पुढे ती उस्मानिया विद्यापीठाकडे सोपविली. त्यामुळे काम अखंड चालले. आकाशाच्या एका पट्ट्यातील ताऱ्यांच्या जागा मोजून त्यांची सूची करण्याच्या जागतिक योजनेत या वेधशाळेने आपला वाटा पुरा केला. दोन्ही ठिकाणी दुर्बीण होती, देणगी होती, कर्तबगार माणसे होती. फरक पडला तो पुढच्या माणसाची सोय करण्यात.

निवृत्तीनंतर नायगमवाला सव्वीस वर्षे जगले व १९३८ साली वारले. त्यांच्या नावाचा सिद्धान्त नाही, की नियम नाही. त्यांच्या कामाचे मोल वाढवून सांगण्याचीही गरज नाही: एक रेघ रेखीव आहे, एवढे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले व स्पष्टपणे सांगितले, एका ग्रहणाचे वेध चोख घेतले, आणि आधुनिक वर्णपटविद्या येथील माणूस स्वतंत्रपणे चालवू शकतो, हे रामन यांच्या शोधाच्या कितीतरी आधी दाखवून दिले. रामन यांनी प्रकाशातील नव्या रेघा शोधल्या त्या १९२८ साली.

दुर्बिणीचे पुढे काय झाले, हे विचाराल. कोडाईकॅनॉलचे मुख्य काम सूर्याचे. रात्रीच्या आकाशासाठी घडविलेल्या या दुर्बिणीचा तेथे दीर्घकाळ फारसा उपयोग झाला नाही. देश स्वतंत्र झाल्यानंतर तिला पुन्हा उभे करण्यात आले आणि मूळ देणगीदाराच्या गावावरून ‘भावनगर दुर्बीण’ या नावाने ती ओळखली जाऊ लागली. १९८० नंतरच्या दशकात तिचा प्रवास पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी थेट हिमालयापलीकडे. लडाखमधील लेहचे आकाश मोठ्या वेधशाळेस कितपत योग्य आहे, याची पारख करण्यासाठी तिला तेथे नेण्यात आले. पुण्याच्या मुठाकाठी शंभर वर्षांपूर्वी बसविलेली दुर्बीण लेहच्या थंडीत ताऱ्यांकडे वळली. पुढे लडाखमध्येच, हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर २ मीटर व्यासाच्या आरशाची नवी दुर्बीण बसविण्यात आली. २००० साली तिच्यातून ताऱ्यांचा प्रकाश पहिल्यांदा दिसला.

शब्दार्थ: लोलक – त्रिकोणी काच, वर्णपट – प्रकाशातील रंगांचा उलगडलेला पट्टा, तेजोमेघ – आकाशातील प्रकाशमान वायूचा ढग, परावर्तक दुर्बीण – भिंगाऐवजी आरशाने प्रकाश गोळा करणारी दुर्बीण, वेध घेणे – यंत्राने निरीक्षण करून नोंद करणे.

प्रश्न:
१. मिठामुळे ज्वाळा पिवळी का होते? त्या प्रकाशाची रेघ कशी दिसते?
२. तेजोमेघातील हिरव्या रेघेविषयी लॉकियर यांचे मत काय होते? ते तपासण्यासाठी कोणता प्रश्न महत्त्वाचा ठरला?
३. ‘तो माणूस उठला आणि दिवा मालवला’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. पाठात सांगितल्याप्रमाणे नकाशावर रेघ ओढा व तुमचे गाव त्या रेघेपासून कोणत्या दिशेस पडते ते लिहा.
५. हिवाळ्यातील एका निरभ्र रात्री मृग नक्षत्र पाहा व दिसलेल्या गोष्टींचे आठ-दहा ओळींत वर्णन करा.